चुन्याची पिशवी

गजभिये मॅडमनी आयुष्यात एकही रेषा सरळ आखली नाही. आणि होत्या कोण, तर आमच्या शाळेच्या खेळाच्या शिक्षिका. कबड्डीचं मैदान आखायचं म्हटलं की दोरी लावायच्या, खुंट्या ठोकायच्या, एक डोळा मिटून बघायच्या, आणि एवढं सगळं करून मधली रेषा अशी जायची की एका संघाच्या वाट्याला अंगण यायचं आणि दुसऱ्याच्या वाट्याला बाल्कनी. बाहेरून आलेले संघ तक्रार करायचे. मॅडम चुन्याची पिशवी खाली ठेवत शांतपणे म्हणायच्या, "जमीनच वाकडी हाये गा, मी काय करू?"

ती पिशवी म्हणजे त्यांच्या अंगाचाच भाग. जाड कापडाची, एका कोपऱ्याला भोक पाडलेली. भोकावर अंगठा धरायचा, अंगठा सोडला की चुना गळायचा. अंगठा धरायचं त्यांच्या निम्म्या वेळा लक्षातच राहायचं नाही, त्यामुळे व्हरांड्यातला पांढरा माग बघून मॅडम आत्ता कुठे असतील ते सांगता यायचं. मी मराठी शिकवते आणि माझ्या टेबलावर मला फक्त शाईचे डाग चालतात. एकदा तपासायच्या निबंधांवर चुना सांडला तेव्हा मी चांगली भांडले. त्या म्हणाल्या, "चुना झटकला की जाते वं. तुह्या पोट्ट्यांचं शुद्धलेखन झटकून दाखव."

आमची शाळा नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रोडपासून जरा आत. चहूबाजूंनी गोदामं आणि दिवसभर मागे-पुढे होणारे ट्रक. त्या आवाजात तास घ्यायचा म्हणजे घसा फाडायचा. मॅडमना त्याची गरज नव्हती, गळ्यात शिट्टी होती. साडीवर खेळाचे बूट आणि शिट्टी, हा वेष लग्नातही तोच. एकदा शिट्टी ऐकून बाहेरच्या ट्रकवाल्याने पोलीस समजून ब्रेक मारला आणि खाली उतरून कागदपत्रं दाखवायला लागला. मॅडमनी ती बघूनही घेतली.

दुसरी त्यांची खोड म्हणजे गोष्टीचं नाव घेणं. आमच्या स्टाफरूममधल्या बायका वर्षानुवर्षं 'अडचण', 'प्रॉब्लेम', 'ते', 'बाहेरचं' अशा भाषेत बोलत आलेल्या. एक नवीन शिक्षिका स्पर्धेच्या दिवशी म्हणाली, "मॅडम, आज मला जमणार नाही, मला तो प्रॉब्लेम आहे."

"कोणता? बँकेचा का गुडघ्याचा?"

"तो हो. महिन्याचा."

"किराण्याचा?"

ती बिचारी लाल झाली. मग मॅडमनी त्यांचं नेहमीचं वाक्य टाकलं, "पाळी म्हण वं. नाव घेतल्यानं कोणी मरत नाही." आवाज मैदानावरचा. पार्टिशनच्या पलीकडे हेडसर बसायचे. आमचे हेडसर देवमाणूस, पण असा एखादा शब्द कानावर आला की ते उठून पंखा पाचवर करायचे. ऐन थंडीतही करायचे. पंख्याचा घरघराट सुरू झाला की आम्ही समजायचो, मॅडमनी काहीतरी म्हटलं.

आता बोरकर सर. हे विज्ञानाचे. दहावीच्या पुस्तकात माणसाच्या प्रजननाचा धडा जवळ आला की सरांचा घसा बसायचा. एरवी ठणठणीत माणूस, पण तो धडा आला की आवाज गेलाच. घसा बसला नाही त्या वर्षी चुलतसासऱ्याची तब्येत बिघडायची. "सोपा आहे, घरी वाचून घ्या," असं फळ्यावर लिहून ते रजेवर जायचे. आणि रिकामा तास आमच्याकडे रिवाजाने जायचा खेळाच्या मॅडमकडे.

त्या वर्षीही दहावीचा वर्ग ओळीने मैदानावर आला. मॅडमनी विचारलं, "कशाचा तास होता?" सगळे जमिनीकडे बघायला लागले. शेवटी एका मुलीने पुस्तक उघडून चित्र दाखवलं. मॅडमनी चित्र आडवं-उभं करून बघितलं, चुन्याची पिशवी उचलली, आणि मैदानाच्या मधोमध भलंमोठं गर्भाशय काढलं. दोन बाजूंना दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाला दोन गोल अंडाशयं, खाली निमुळतं तोंड. सांगते ना, त्यांच्या हातून तेवढं एकच चित्र सुरेख उतरलं, कारण त्यात सरळ रेषा कुठेच नव्हती.

मग मुलींना त्यांनी अंडी केलं आणि मुलांना गाद्या. मुलांना वर्गात पाठवा, असं कोणीतरी सुचवलं तर म्हणाल्या, "काहून? हे काय आभाळातून पडले का?" शिट्टी वाजली की एका गोलातून एक मुलगी निघायची, नळीतून चालत यायची. तोवर पोट्टे आत ओळीने उभे राहून गादी अंथरायचे. "पाहुणा येणार म्हणून गाद्या घातल्या. पाहुणा आला नाही. मग काय कराल?" एक पोट्टा म्हणाला, "काढून टाकू." "मग निघा." शिट्टी. सगळ्या गाद्या खालच्या तोंडातून बाहेर पळाल्या. "झाली पाळी. एवढंच हाये. यात विटाळ कुठून आला ते मले दाखवा." कोणाला दाखवता आलं नाही. मुलं हसली, पण खेळताना हसतात तशी, कोपऱ्यात हसतात तशी नाही. मी वरच्या खिडकीतून बघत होते. पाठ मैदानाकडे करून तास घेणं त्या दिवशी मला काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई तणतणत आली. "पोट्टी घरी येऊन म्हणते, आई, मी आज अंडं होती. आमचं घर शाकाहारी आहे, सर." हेडसरांनी पंखा पाचवर केला.

पण खरा घोटाळा पुढेच होता. त्याच दिवशी शाळेत तान्हा पोळा होता. बालवाडीची चिल्लीपिल्ली लाकडी बैल सजवून ओढत आणणार, बोजारा, म्हणजे बैल आणल्याचा खाऊ, मिळणार, आणि पाहुणे म्हणून संस्थेचे अध्यक्षसाहेब येणार. पावसाने उघडीप दिलेली, त्यामुळे मैदानावरचं चित्र जसंच्या तसं. मुलांच्या पळापळीने चुना पुसट झाला होता, तोही मॅडमनी उरलेल्या धड्यासाठी सकाळी पुन्हा गिरवून ठेवला होता.

अध्यक्ष आले, मैदानाच्या मधोमध थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा. नंदी काढला."

बघा, दोन बाजूंना वर वळलेली दोन शिंगं, खाली निमुळतं होत गेलेलं तोंड. पोळ्याच्या हंगामात माणसाला दुसरं काय दिसणार?

"मॅडम, तुम्ही काढला?"

"हो सर."

"शिंगांना गोंडे पण काढले."

"ते लागतेच सर. त्याच्याशिवाय पुढचं काही होत नाही."

"आणि तोंड?"

"खाली हाये. त्याले तोंडच म्हणतात."

अध्यक्षांनी हळद-कुंकू मागवलं. तोंडाशी वाहिलं, उदबत्ती लावली, नारळ फोडला. मग माईक घेऊन म्हणाले, "मुलांनो, हा नसता तर आपण कोणीच नसतो. याच्या जिवावर आपण सगळे या जगात आहोत." मॅडम मागून म्हणाल्या, "शंभर टक्के, सर." दहावीचा अख्खा वर्ग ओठ चावून जमिनीकडे बघत होता. एकाला तर ठसका लागून बाहेर न्यावं लागलं. बाकी सगळ्या शाळेने ओळीने पाया पडून घेतलं. त्यात मुलांची खिचडी शिजवणारी लताही होती. तिने आदल्या दिवसाचा खेळ काही बघितला नव्हता, ती आत तांदूळ निवडत होती. हातातला झारा बाजूला ठेवून तिने मनोभावे वाकून नमस्कार केला.

अध्यक्षांना शेवटपर्यंत कळलं नाही. हेडसरांना कळलं, कारण रजेवरून परतलेल्या बोरकर सरांनी ते चित्र ओळखून त्यांच्या कानात सांगितलं. धडा शिकवत नसले तरी वाचलेला होता म्हणायचा. हेडसर पंख्याखाली उभे राहून म्हणाले, "मॅडम, यापुढे मैदानावर फक्त खेळाच्या रेषा." मॅडम हो म्हणाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "इतक्या वर्षांत गर्भाशयापुढं कोणी हात जोडले नव्हते वं. एक दिवस जोडले तर काय बिघडलं?"

आता लताचं सांगते, कारण मॅडम म्हटलं की मला लताच आठवते. बाई पस्तिशीचीही नव्हती. नवरा दिलीप गोदामात माल चढवायचा, दोन मुलं आमच्याच शाळेत. दिवाळीनंतर ती भिंतीचा आधार घेऊन चालायला लागली. खिचडीचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, उतरवताना दोनदा खाली बसली. अंगावरून खूप जात होतं, पण हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या बायकांनी मात्र ओळखलं आणि सल्लाही दिला. गर्भाशय हा शब्द आपल्याकडे पुस्तकात राहतो, बायकांच्या तोंडी ती पिशवी. "दोन पोट्टे झाले, आता रिकामी पिशवी कायले सांभाळून राहिली? काढून टाक." गल्लीतल्या किती बायकांनी काढून टाकली होती. घरात माळ्यावरची अडगळ काढावी तसं ते काम झालं होतं.

लताला ते पटेना आणि नाही म्हणायलाही जमेना. शेवटी तिने ठरवलं, नाव घेऊन बोलणारी एकच बाई आपल्या ओळखीची आहे, तिला विचारू.

मॅडम तेव्हा तालुक्याच्या सामन्यांसाठी मैदान आखत होत्या. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं. स्वयंपाकघराला लागून सामानाची खोली, तिथे मॅडमची जुनी, उंदरांनी कुरतडलेली चुन्याची पिशवी लोळत पडलेली होती, हेही सांगून ठेवते.

लता हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पिशवी काढून टाकू का?"

मॅडमचा एक डोळा मिटलेला, लक्ष दोरीवर. "टाक नं. नुसती गळून राहिली ते."

लता चकित झाली. "तुमाले कसं समजलं?"

"दिसते नं. आता काही कामाची नाही राहिली. उलटी घाण होते."

"सासूबी हेच म्हणते."

"सासूले समजते मग."

लता गेली. मॅडमच्या आणि माझ्या डोक्यात ती उंदरांची पिशवी. मला एवढंच वाटलं की हिच्या सासूला आमच्या सामानाच्या खोलीतलं काय कळतं? पण तेवढ्यात मॅडम ओरडल्या, "दोरी ताण वं."

त्याच आठवड्यात खिचडीला दुसरी बाई आली. मॅडमनी विचारलं, "लता कुठं हाये?" ती म्हणाली, "थे ॲडमिट झाली. उद्या सकाळी पिशवी काढून राहिले तिची. भेत होती, पण म्हणे, गजभिये मॅडमनं बी हो म्हटलं. गळून राहिली, कामाची नाही, म्हणे."

मॅडमच्या तोंडात शिट्टी होती ती तशीच राहिली. त्या पायरीवर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं बघितलं नव्हतं, चहासुद्धा उभ्याने प्यायच्या. मग उठून म्हणाल्या, "चाल वं." मला विचारलंही नाही. मी स्कूटीवर मागे बसले. त्या स्कूटीही रेषा आखायच्या तशाच चालवायच्या. दोन ट्रकांच्या मधून जाताना मी डोळे मिटून घेतले.

दवाखाना लहानसा, वाडीतलाच. लता खाटेवर बसलेली, शेजारी सासू डबा उघडून, दाराशी दिलीप. मॅडमनी वाकडंतिकडं काही केलं नाही. "लता, मी चुन्याच्या पिशवीचं बोलली होती."

कोणालाच काही कळेना. मग लताला कळलं. "म्हंजे माह्या पिशवीचं नाही सांगतलं?"

"तुही पिशवी मले कुठं दिसते वं?"

मला हसू फुटलं. अशा ठिकाणी हसणं बरं नव्हे, पण फुटलं. लताही हसायला लागली, पोटावर हात धरून हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मंग आता काढू का नको?"

"ते मले नाही समजत. मी खेळाची मास्तरीण आहो. पण काय काढून राहिली ते तं पाहून घे."

स्कूटीच्या डिक्कीत चुन्याची पिशवी होतीच. दवाखान्याच्या मागच्या पार्किंगमध्ये मॅडमनी चित्र काढायला सुरुवात केली. चौकीदार धावत आला, "बाई, ये गाड़ी की जगह है." मॅडमनी शिट्टी वाजवली. तो मागे सरकला. लता सासूच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश बाहेर आली आणि चित्र बघून म्हणाली, "हा तं आपला पोळ्याचा नंदी होय."

"नंदी नाही वं. हेच तुही पिशवी."

लता बघत राहिली. "हिच्यापुढं तं अध्यक्षानं नारळ फोडला होता."

"फोडला."

"मी पाया पडली होती."

"पडली होती."

"आन उद्या काढून फेकून राहिली होती."

सासूने नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला. मग मॅडमनी चित्रात उभं राहून कुठे काय असतं ते दाखवलं. म्हणाल्या, हीही आजारी पडते, कधी काढावीही लागते, मग काढायची, त्यात रडायचं काही नाही. पण आधी विचारायचं, काहून काढता? औषध हाये का? दुसऱ्या डॉक्टरले दाखवू का?

दिलीप पुढे आला. "मॅडम, मी सही करून देल्ली नं. पुढं कॅन्सर-बिन्सर झाला तं? मले भेव लागते." बिचाऱ्याचे डोळे भरले होते. वाईट माणूस नव्हता तो. पण बोलता बोलता त्याचा पाय चुन्याच्या रेषेच्या आत पडला होता. मॅडमनी शिट्टी वाजवली.

"फाऊल. बाहेर हो गा. तुही काळजी खरी हाये, पण या मैदानावर खेळाडू एकच हाये."

दिलीप मुकाट्याने रेषेबाहेर गेला. सासूही दोन पावलं मागे सरकली, तिला कोणी सांगितलंही नव्हतं. चित्रात एकटी लता उरली. मग कोणाचा हात न धरता आत डॉक्टरांच्या खोलीत गेली. आम्ही दाराशी.

"डॉक्टरसाहेब, औषधानं होत नाही का?"

डॉक्टर म्हणाले, "करून बघता येईल. पण तुमच्याच घरून सांगितलं ना, एकदाचं मोकळं करून टाका म्हणून."

"माह्या घरून तं मी आली हाये," लता म्हणाली. "मले कोणी विचारलंच नाही."

त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की मी मॅडमचा हात दाबला. त्यांचा हात चुन्याने पांढरा झाला होता.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासणी झाली. लहानशी गाठ निघाली, अंगात रक्त फार कमी निघालं. गोळ्या लागल्या. तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पुढे कधी काढावी लागली तर बघू. लता म्हणाली, "तवा मी ठरवीन." उन्हाळ्यापर्यंत ती गंज एकटीने उतरवायला लागली. इकडे त्या लहान दवाखान्याचा चौकीदार बरेच दिवस त्या चित्रावर गाडी लावू देत नव्हता म्हणे, नंदी आहे म्हणून.

हेडसरांनी सगळं ऐकलं आणि त्यांना मनापासून बरं वाटलं. पण त्यांनी पिशवी या शब्दाचाच धसका घेतला. तेव्हापासून आमच्या शाळेत त्या वस्तूला 'चुना ठेवण्याचे साधन' म्हणतात. मॅडम व्हरांड्याच्या त्या टोकाहून ओरडायच्या, "माही पिशवी कोणी नेली?" आणि पंखा सुरू व्हायचा.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम त्यांच्या हट्टामुळे मैदानावरच. बोरकर सर बोलायला उभे राहिले आणि त्यांचा घसा बसला, या वेळी खरोखरचा. अध्यक्षांनी शाल-नारळ दिला आणि "आमच्या नंदीच्या कलाकार" म्हणून गौरव केला. मॅडमनी मान लववली. मग लता पुढे आली. तिने घरी शिवलेली एक कापडी पिशवी आणली होती, दुहेरी शिलाईची.

"मॅडम, तुमाले पिशवी देऊन राहिली," ती माईकवरच म्हणाली. "ही नवी शिवली हो. माही माह्याजवळच हाये."

पोट्टे खो-खो हसले. अध्यक्षही हसले, का ते त्यांना माहीत. मॅडम नाही हसल्या. त्यांनी पिशवी उलटसुलट करून बघितली, कोपऱ्यात बोट घातलं. लताने तिथे आठवणीने भोक ठेवलं होतं. मॅडमनी तिथल्या तिथे तिच्यात चुना भरला, स्कूटीच्या हूकला अडकवली आणि मागे न बघता निघाल्या. अंगठा धरायचं अर्थातच राहिलं.

फाटकाजवळून लता ओरडली, "मॅडम, पिशवी गळून राहिली!"

हेडसरांचा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला. मैदानात बटण कुठलं? मॅडमनी एक हात वर केला, एक लांब शिट्टी वाजवली आणि त्या अमरावती रोडच्या ट्रकांमध्ये दिसेनाशा झाल्या. मला रडू आवरेना. फाटकापासून रस्त्यापर्यंत पांढरी रेषा उमटली होती, आणि ती वाकडीच होती. शिपाई सवयीने झाडू घेऊन पुढे झाला, तर लताने त्याचा झाडू धरला.

"राहू दे गा," ती म्हणाली.